रस्ता म्हणजे वाट नव्हे: मंदाई लोकांचे पांढरे कपडे कसे ओळखायचे, कसे वाचायचे

सिडनीच्या पश्चिमेला पेनरिथजवळ नेपियन नदी आहे, तिथे रविवारी सकाळी फिरायला गेलं की कधीकधी एक दृश्य दिसतं. पंधरा-वीस माणसं डोक्यापासून पायापर्यंत पांढऱ्या कपड्यात, अनवाणी, कमरेएवढ्या पाण्यात उभी. दाढीवाले बाबा काहीतरी पुटपुटतायत, बायका काठावर टॉवेल धरून थांबल्यात, आणि बाजूने कयाकवाले निवांत वल्ही मारत जातायत. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं शूटिंग चाललंय. मग ऑफिसातला एक मित्र त्याच घोळक्यात दिसला, तोच जो एरवी चेक्सचा शर्ट घालून माझ्या शेजारी एक्सेल उघडून बसतो, आणि तिथून हा सगळा अभ्यास सुरू झाला.

हे लोक मंदाई. इराकमध्ये त्यांना सुब्बी पण म्हणतात, म्हणजे पाण्यात बुडी मारणारे. मूळ दक्षिण इराकमधले, अमारा, नासिरिया, बसरा या भागातले, आणि इराणात खुझेस्तानात कारून नदीकाठी अहवाझचे. येशूला बाप्तिस्मा देणाऱ्या योहानाला फार मानतात पण ख्रिश्चन नाहीत, मुसलमान नाहीत, ज्यू नाहीत. जगभरात मिळून ६० ते ७० हजार असतील असा अंदाज सांगतात, आणि २००३ च्या अमेरिकी हल्ल्यानंतर इराकमधून बहुतेक बाहेर पडले, कोणी सिडनी, कोणी स्वीडन, कोणी टेक्सास. पिढ्यानपिढ्या सोनार-चांदीकाम करणारे, होड्या बांधणारे. एवढी ओळख पुरे, कारण आपल्याला कपड्यांकडे यायचंय.

या पांढऱ्या पोशाखाला नाव आहे रस्ता. हो, रस्ताच! आपल्या वाटेशी काही संबंध नाही, आणि केसांच्या जटावाल्या जमैकाच्या रास्ताफारी लोकांशी तर अजिबातच नाही, हे आधीच सांगतो कारण मी स्वतः गुगलवर नुसतं रस्ता टाकून अर्धा तास बॉब मार्लेचे फोटो बघत बसलो होतो.

आधी कापड आणि रंग

कुठलाही फोटो किंवा व्हिडिओ समोर आला की पहिल्यांदा कापड बघा. रस्ता साधं सुती असतं, मलमल किंवा तसलंच. चमक नाही, जर नाही, बॉर्डर नाही. आपल्याकडे सोवळं म्हटलं की रेशमी कद किंवा जुन्या काळात लोकरीची धाबळी, आणि सुती चालायचं ते धुवून ओलेत्याने नाहीतर कोणाचा हात न लागता वाळवलेलं. इथे उलट, सुती हेच मुख्य, लोकर फक्त कमरेच्या पट्ट्याला आणि रेशीम फक्त पुजाऱ्याच्या डोक्यावरच्या एका छोट्या पट्टीला. ही तीन कापडं लक्षात ठेवली तरी अर्धं काम झालं.

रंग पांढरा का? इथे "शुद्धतेचं प्रतीक" म्हणून सोडून दिलं तर ते अपुरं आहे. मंदाई लोकांच्या मते आत्मा मूळचा प्रकाशाच्या जगातला, तिथे राहणारे जे तेजस्वी जीव, त्यांना ते उथ्रा म्हणतात, त्यांचे कपडेच प्रकाशाचे असतात. खाली या जगात आपण जे सुती घालतो ती त्या तेजाच्या कपड्याची इथली जोडी. त्यांच्या मुख्य ग्रंथात, गिंझा रब्बात, स्पष्ट सांगितलंय की पांढरं घाला, पांढरं पांघरा, वरच्या तेजाच्या वस्त्रांसारखं, आणि उथ्रा बांधतात तसे पट्टे कमरेला बांधा. म्हणजे हा युनिफॉर्म नाही. आत्म्याचं मूळ घर आहे तिकडचे हे कपडे, आणि माणूस परत जाणार तो यातच. हा मुद्दा डोक्यात ठेवा, शेवटी लागणार आहे.

अजून एक गोष्ट जी मला फार आवडली. साधा माणूस आणि पुजारी, दोघांचा मूळ रस्ता एकच. पुजाऱ्याला दोन-तीन गोष्टी जास्तीच्या मिळतात, पण पायाचा पोशाख तोच. श्रीमंताचा भारी आणि गरिबाचा साधा असं करायला जागाच ठेवलेली नाही.

आता एकेक कपडा

खालचा क्रम घालण्याचा विधीतला क्रम नाही हां, मित्राच्या आईने मला डायनिंग टेबलवर एकेक ठेवून दाखवलं तसा आहे. तिच्या भावाच्या नातवासाठी नवीन रस्ता शिवायचं चाललं होतं, छोटासा, आपल्याकडे बारशाला झबलं शिवतात तेवढ्याच प्रेमाने.

सगळ्यात मोठा तो लांब सदरा. त्याला क्सूया म्हणतात, आणि दुसरं नाव सद्रा. हो, सदराच म्हणा, मी ते ऐकून हसलोच. लांब बाह्या, खाली पोटरीपर्यंत, समोर गळ्याला चीर. आता बारकाईने बघायची जागा: छातीवर उजव्या बाजूला वरून शिवलेला एक छोटा चौकोनी तुकडा. त्याचं नाव दाशा. खिसा म्हणावा तर त्यात पेनसुद्धा मावणार नाही. मित्राच्या आईने बाकी सगळी शिवण मशीनवर मारली पण हा तुकडा हातात सुई घेऊन लावला, चष्मा नाकाच्या टोकावर, दोनदा उसवून परत लावला कारण तो जरा तिरका बसला होता. मी म्हटलं कोणाला दिसणार आहे. तिने मान वर न करता मुलाला काहीतरी सांगितलं, तो म्हणाला, आई म्हणते ज्याला दिसायला पाहिजे त्याला दिसेल.

मुंबईत ज्यांचे पारशी शेजारी आहेत त्यांची इथे ट्यूब पेटली असेल. पारशी लोकांच्या सुदऱ्यालापण गळ्याशी असाच एक इवलासा खिसा असतो, गिरेबान, ज्यात माणसाची सत्कर्मं साठतात असं ते मानतात. ही समानता काही मी शोधलेली नाही. लेडी ड्रॉवर नावाच्या इंग्रज बाईंनी इराकमध्ये वर्षानुवर्षं राहून मंदाई लोकांवर काम केलं, १९३७ साली ते छापून आलं, त्यात त्यांनी पारशी कपड्यांशी हे साम्य जागोजागी दाखवलंय. दोन्ही समाज शेकडो वर्षं एकाच इराणी साम्राज्यात शेजारी राहिले, म्हणजे कुठेतरी देवाणघेवाण झाली असणार. पण कोणी कोणाकडून घेतलं यावर पैज लावायला मी जाणार नाही.

मग येते सुरवार. त्यांच्या भाषेत शरवाला. आपली सुरवार, सलवार, त्यांची शरवाला, सगळी एकाच घरातली पोरं. ढगळ, नाडीवाली, पांढरी. पुढे जाऊ.

नंतर गळ्यातला पट्टा, नसीफा. आपल्या उपरण्याचा अरुंद भाऊ समजा, पण खांद्यावरून तिरका टाकत नाहीत, मानेवरून घेऊन दोन्ही टोकं पुढे सोडतात. फोटोत हा बऱ्याचदा सदऱ्याच्या पांढऱ्यात मिसळून जातो आणि दिसतच नाही, म्हणून छातीवर दोन उभ्या रेषा शोधा.

आता माझा सगळ्यात आवडता भाग, कमरेचा करदोटा म्हणू का पट्टा म्हणू? हिमयाना. पांढऱ्या लोकरीचा, ६० धाग्यांचा विणलेला. पारशी कुस्तीपण लोकरीची, तिला ७२ धागे, आणि ती कमरेला तीन फेरे घालून बांधतात. म्हणजे गणित वेगळं पण घराणं एकच वाटतं. हिमयाना हातात घेतला की पहिल्यांदा जाणवतं ते हे की बाकी सगळं हलकं सुती असताना ही एकच गोष्ट खरखरीत आणि जड आहे, बोटांना लोकर लागते, आणि तो भिजल्यावर किती पाणी पीत असेल ते लगेच कळतं. बांधणं म्हणजे कमर कसणं, आपल्याकडे पण कामाला लागायचं तर कंबर कसतातच. लहान पोराच्या रस्त्यालासुद्धा हिमयाना असतोच, फक्त छोटा. तो मात्र त्या आईने घरी केला नव्हता, तयार आणलेला होता, कागदात गुंडाळून ठेवलेला.

शेवटी डोकं. बुर्झिंका म्हणजे मुंडासं, पांढऱ्या मलमलीची लांब पट्टी डोक्याभोवती गुंडाळायची आणि एक टोक डाव्या खांद्यावर लोंबतं सोडायचं. पुणेरी पगडी किंवा कोल्हापुरी फेटा डोक्यात ठेवून बघू नका, निराशा होईल, यात तुरा नाही, पीळ नाही, नेटकी गुंडाळी एवढंच. बायका डोक्यावर पांढरं कापड घेतात.

पण त्या लोंबत्या टोकाकडे लक्ष ठेवा. पुजारी विधीत काही ठिकाणी ते टोक नाका-तोंडावरून ओढून घेतो, त्याला म्हणतात पंदामा. श्वास, थुंकी याने पाणी किंवा प्रसाद विटाळू नये म्हणून. अग्यारीतला दस्तूर आगीसमोर जाताना तोंडावर पांढरा पदान बांधतो ना, तेच काम. आणि शब्द बघा, पंदामा आणि पदान, कान जरा तिरका केला की नातं ऐकू येतं. कोविडच्या वेळी माझा मित्र म्हणायचा, आमच्याकडे हे दोन हजार वर्षं चालू आहे, तुम्हाला आत्ता सुचलं.

पुजारी कोण ते कसं ओळखायचं

घोळक्यात सगळेच पांढरे, मग तरमिदा कोण? तरमिदा म्हणजे पुजारी, त्याच्या वर गंझिब्रा, आणि सगळ्यात वर रिशामा. हे असं शोधा.

पहिलं, हातात काठी आहे का. मरग्ना म्हणतात तिला, ऑलिव्हच्या लाकडाची. म्हाताऱ्याची आधाराची काठी नव्हे, तरणाबांड तरमिदासुद्धा ती घेऊनच पाण्यात उतरतो. दुसरं, उजव्या हाताच्या करंगळीत सोन्याची अंगठी, तिचं नाव शुम यावर. तिसरी गोष्ट बहुतेक वेळा दिसतच नाही, कारण ती मुंडाशाच्या आत असते: ताघा, म्हणजे मुकुट. मुकुट म्हटल्यावर आपल्या डोळ्यासमोर राजाचा किंवा किमान गणपतीचा येतो, पण हा पांढऱ्या रेशमाची साधी गोल पट्टी आहे. याच पट्टीने माणूस पुजारी होतो. पुजाऱ्याची दीक्षा म्हणजे मुख्यतः हा मुकुट मिळणं, आणि त्यानंतर नव्या तरमिदाला ६० दिवस घरच्यांपासून वेगळं, कडक सोवळ्यात राहावं लागतं. हिमयानाचे धागेपण ६० आणि हे दिवसपण ६०. मी मित्राला उत्साहाने विचारलं यांचा संबंध आहे का, तर तो म्हणाला मी आयटीवाला आहे मला काय विचारतोस.

दाढी आणि लांब केस ही पण खूण आहेच, पुजारी केस कापत नाहीत. पण सिडनीत हल्ली कॅफेतला प्रत्येक दुसरा पोरगा तसाच दिसतो, त्यामुळे काठी आणि अंगठी बघा.

लोखंडाचा एक शिक्का पण असतो, स्कंदोला, त्यावर सिंह, विंचू, साप आणि एक गांधीलमाशीसारखा कीटक कोरलेला. तो पोशाखाचा भाग नाही, जन्म आणि मृत्यूच्या वेळी संरक्षणासाठी वापरतात, म्हणून नदीवरच्या रविवारच्या फोटोत तो शोधत बसू नका.

नदीवर हे कपडे काय काम करतात

कपडे कळले, आता ते चालताना बघायचे. मुख्य विधी मसबुता, आपण बाप्तिस्मा म्हणू, पण आयुष्यात एकदा करून मोकळं होणारा नाही, पुन्हापुन्हा करायचा. रविवार हा त्याचा दिवस. वसंत ऋतूत, हल्ली मार्चच्या मध्याला, पाच दिवसांचा सण येतो परवानाया, इराणवाले त्याला पंजा म्हणतात (पाच म्हणून पंजा, आपल्याला वेगळं समजवायला नको), त्यात तर रांगा लागतात.

पाणी वाहतं लागतं, साठलेलं चालत नाही. कुठलीही नदी असो, विधीपुरती ती यर्दना, म्हणजे जॉर्डन नदी. टायग्रिस यर्दना, कारून यर्दना, आणि आता नेपियनपण यर्दना. तोंड उत्तरेकडे.

तरमिदा आधी प्रार्थना म्हणत पाण्यात उतरतो, मग ज्याचा मसबुता तो उतरतो, स्वतः तीनदा बुडी मारतो. मग तरमिदा त्याच्यावर पाणी घालतो, कपाळावर उजवीकडून डावीकडे तीनदा पाण्याची खूण करतो, ओंजळीने तीनदा पाणी पाजतो. आणि मग येते ती छोटीशी हिरवी गोष्ट, क्लीला. मर्टलच्या, म्हणजे आपल्याकडे जिला विलायती मेंदी म्हणतात तिच्या, डहाळीची बोटभर कडी. ती मुंडाशात खोचली जाते. अख्ख्या पांढऱ्यात तेवढाच एक हिरवा ठिपका, आणि एकदा माहीत झालं की फोटोत नजर आधी तिकडेच जाते. मित्राच्या घरी मागच्या अंगणात कुंडीत ते झाड आहे, तुळशीसारखं जपतात, शनिवारी संध्याकाळी त्याच्या आईने एक डहाळी तोडली, पानं न झाडता बोटाभोवती वळवली, टोक आत सरकवलं, झालं, पाच सेकंद. मी करून बघितली तर माझी दोनदा सुटली. ताजीच लागते, कारण ती जिवंतपणाची खूण, सुकलेली कशी चालेल!

मग तरमिदा उजवा हात हातात घेतो, त्याला कुश्ता म्हणतात, म्हणजे सत्य, आणि तो सत्याचा हात. काठावर आल्यावर कपाळाला तिळाचं तेल, मग छोटी बेखमीर भाकरी पिहता आणि पाण्याचा घोट मंबुहा. हे सगळं ओल्या कपड्यातच. रस्ता बदलून कोरडं होऊन या असं नाही. जुलैत सिडनीला सकाळी पाच-सहा डिग्री असते, म्हातारी माणसं ओल्या सुती कपड्यात थरथरत उभी असतात आणि कोणी कुरकुर करत नाही, पोरं मात्र करतात.

लग्नातपण आधी नवरानवरीचा मसबुता असतो, याच पांढऱ्या कपड्यात. पार्टीचा सूट आणि गाऊन नंतर, हॉलवर.

तुम्ही बघायला गेलात तर

नदी सार्वजनिक असते, लांबून बघायला कोणी हाकलत नाही, पण काही गोष्टी माझ्या चुकांवरून सांगतो.

पुजाऱ्याला हात लावू नका. मी पहिल्याच दिवशी ओळख करून दिल्यावर सवयीने शेकहॅंडला हात पुढे केला, मित्राने मधेच माझं मनगट पकडलं. एकदा रस्ता घालून विधीला उभं राहिलं की बाहेरच्याचा स्पर्श म्हणजे सोवळं मोडलं, त्याला पुन्हा पाण्यात जाऊन सगळं करावं लागणार. आपली आजी पूजेला बसली असताना शाळेतून आलेलं पोर तिला मिठी मारायला धावलं की ती कशी दोन्ही हात वर करून ओरडायची, तो सीन आठवा आणि दोन पावलं मागे उभे राहा. वाळत घातलेल्या किंवा घडी करून ठेवलेल्या रस्त्यालापण हात नको. मला त्या आईने हिमयाना हातात दिला तो अजून वापरात न आलेला म्हणून.

फोटो विचारून काढा. ओल्या पांढऱ्या कपड्यातल्या बायकांचे तर अजिबात नकोत, हे सांगायला लागू नये पण लागतं.

रस्ता ऑनलाइन मागवून "ट्राय" करू नका. या धर्मात बाहेरच्यांना घेतच नाहीत, आईवडील मंदाई तर तुम्ही मंदाई, त्यामुळे आपल्यासाठी ही गाईड बघायची आहे, घालायची नाही.

आणि नदीकाठी आडव्या-उभ्या दोन काठ्यांवर पांढरं रेशमी कापड टाकलेलं दिसलं तर क्रॉस म्हणू नका. मी म्हटलं होतं. ते द्राब्शा, त्यांचं प्रकाशाचं निशाण, त्यालासुद्धा मर्टलच्या डहाळ्या लावतात, आणि येशूच्या क्रूसाशी त्याचं काही नातं नाही. मित्र चिडला नाही, फक्त म्हणाला की सगळेच असं म्हणतात. त्याच धर्तीवर, हज यात्रेकरूंच्या पांढऱ्या कपड्यांशीपण घोळ होतो. सोपी ट्रिक सांगतो: पुरुषांचा इहराम म्हणजे न शिवलेल्या दोन चादरी, डोकं उघडं. रस्ता शिवलेला, बाह्यांचा, डोक्यावर मुंडासं. एका नजरेत कळतं.

शेवटचा रस्ता

वर म्हटलं होतं ना शेवटी लागणार आहे. माणूस जाणार असं दिसलं की मंदाई घरात धावपळ सुरू होते ती कपड्यांची. नदीचं पाणी आणून त्याला डोक्यापासून पायापर्यंत तीनदा घालायचं, आणि नवा कोरा रस्ता चढवायचा. प्राण गेल्यावर नव्हे, जाण्याच्या आधी. त्या रस्त्यावर उजव्या बाजूला सोन्याचा धागा आणि डाव्या बाजूला चांदीचा धागा शिवतात, मर्टलची क्लीला लावतात, तोंड उत्तरेकडे करून झोपवतात. एरवीच्या साध्या पांढऱ्यावर इथे धातूचा धागा येतो. तिसऱ्या दिवशी आत्मा देह सोडून वरच्या वाटेला लागतो, आणि अंगावर रस्ता नसताना मेलेल्याला प्रकाशाच्या जगात परत जाता येत नाही असं ते मानतात.

आता विचार करा, नदीकाठच्या गावात हे जमायचं. आजच्या काळात माणूस आयसीयूत असतो, नळ्या लावलेल्या, अंगात मागून बांधायचा हॉस्पिटलचा गाऊन, आणि कधी जाणार ते डॉक्टरलापण सांगता येत नाही. किंवा रस्त्यावर (आपल्या रस्त्यावर) गाडी ठोकते. किंवा २००३ नंतरच्या बगदादमध्ये कोणी दुकानातून घरी परत आलाच नाही. अशांसाठी त्यांच्याकडे वेगळा विधी आहे, अहाबा द-मानी, अर्थ सरळ: कपडे देणं. गेलेल्याच्या वतीने दुसऱ्या माणसाला रस्ता घालून पुजारी तो विधी करतात, आणि ज्याला जाताना कपडे मिळाले नाहीत त्याला ते तिकडे पोचतात.

छोट्याचा रस्ता त्या संध्याकाळी पूर्ण झाला. आईने घडी केली, वर हिमयाना ठेवला, आणि कपाट उघडलं. वरच्या कप्प्यात अजून एक पांढरी घडी होती, मोठ्या मापाची, प्लास्टिकच्या पिशवीत. मी काही विचारायच्या आधीच मित्र म्हणाला, ती तिची आहे, आम्ही इथे आलो त्याच वर्षी तिने शिवून ठेवलीय. तिने छोटी घडी त्या मोठीच्या शेजारी ठेवली, कपाट लावलं आणि चहाचं विचारलं.